घरी छापलेली फॅनझीन्स आणि पोस्टाने खेळलेला डिप्लोमसी : ही माणसं हे सगळं का करायची?

निशाचर_नि

मंडळी, जरा विचित्र प्रश्न आहे. गेले दोन आठवडे रोज रात्री जुन्या इंग्लिश आणि अमेरिकन फॅनझीन्सचे (म्हणजे चाहत्यांनी हौसेने स्वतःच काढलेल्या अंकांचे) स्कॅन वाचत बसतोय. सुरुवात झाली ती सायन्स फिक्शनच्या इतिहासावर काहीतरी शोधताना, आता इतिहास राहिला बाजूला आणि मी कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या १९७०-८०मधल्या आयुष्यात अडकलोय. म्हणजे बघा, अंक उघडला की पहिल्या पानावर संपादक पोस्टाचे दर वाढले म्हणून रडतोय, मग तीन पानं कुणीतरी एका कादंबरीची यथेच्छ धुलाई केलीय, आणि पान उलटलं की एकदम "वसंत १९०४" असं शीर्षक आणि खाली ऑस्ट्रियाची सेना व्हिएन्नाहून गॅलिशियात, रशियाचं आरमार काळ्या समुद्रात वगैरे वगैरे, आणि इटलीपुढे नुसतं "एनएमआर!" त्यानंतर झारने कैसरला लिहिलेलं एक शिवराळ पत्र. मग परत मांजराची तब्येत.

डिप्लोमसी हा बोर्ड गेम आहे एवढं माहितीय, कॉलेजात एकदा खेळलोय (मैत्री गेली, गेम राहिला). पण हा खेळ आणि सायफाय एकाच अंकात कसे काय आले? पोस्टाने सात जणांचं युद्ध चालायचं कसं? आणि मुख्य म्हणजे हा माणूस दर महिन्याला पदरचे पैसे घालून, नोकरी सांभाळून, वर्षानुवर्षं हे का छापत होता? अंकाच्या किमतीत कागदाचा तरी खर्च निघत असेल का?

---

पानउलट्या

छान धागा. सायफाय आणि खेळ एकत्र कसे आले तेवढं मी सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील.

सगळ्याचं मूळ वाचकांच्या पोस्टाच्या पत्त्यांत आहे. ह्यूगो गर्न्सबॅकने एप्रिल १९२६मध्ये अमेझिंग स्टोरीज काढलं आणि त्यात वाचकांची पत्रं छापताना खाली त्यांचा पूर्ण पत्ता छापायला लागला. झालं! वाचक संपादकाला सोडून एकमेकांनाच पत्रं लिहायला लागले. १९३०मध्ये शिकागोकडच्या मंडळींनी द कॉमेट काढलं, सायफाय फॅन्सचं पहिलं अनियतकालिक म्हणून त्याचंच नाव घेतात. फॅनझीन हा शब्द मात्र १९४०चा, लुई रसेल शोव्हने या फॅनने काढलेला. तोपर्यंत अमेरिकेत घरोघरी (बरं, घरोघरी नाही, पण बऱ्याच घरांत) टाइपरायटर, छपाईचं यंत्र, पाकिटं आणि पत्त्यांची यादी असं बिऱ्हाड जमलेलं होतं.

आता डिप्लोमसीकडे. ॲलन कॅलहॅमरने हा खेळ १९५४मध्ये तयार केला, कंपन्या घेईनात म्हणून १९५९मध्ये स्वतःच ५०० संच काढले. सात देश, नकाशावर ३४ सप्लाय सेंटर्स (म्हणजे सैन्य पोसणारे प्रांत), १८ हातात आली की जिंकलात. फासे नाहीत, नशीब नाही, सगळं बोलणी आणि दगाबाजीवर, आणि चाली सगळ्यांनी लिहून द्यायच्या, त्या एकदमच उघडायच्या. अडचण एकच, सात माणसं सहा-आठ तास एका टेबलाशी बसवायची कशी. आणि बघा ना, चाली लिहूनच द्यायच्यात आणि गुपचूप बोलणी करायचीत, तर पोस्टाइतकी सोयीची जागा दुसरी कुठली? न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जॉन बोर्डमन नावाचा फिजिक्सवाला होता, सायफाय फॅन, त्याने १९६३मध्ये पोस्टाने डाव सुरू केला आणि त्यासाठी ग्राउस्टार्क हे झीन काढलं. खेळाडू कुठून आणले, तर फॅन्समधूनच, ज्यांना पत्रं लिहायची खोड आधीच होती. ग्राउस्टार्क हे एका जुन्या कादंबरीतल्या काल्पनिक राज्याचं नाव, मग पुढच्यांनीही तसलीच नावं उचलली : रुरिटानिया, कोस्टाग्वाना, ब्रॉब्डिंगनॅग. प्रत्येक डावाला वर्ष आणि अक्षर मिळून एक नंबर द्यायचे, पहिला डाव १९६३-ए. त्याला आजही बोर्डमन नंबरच म्हणतात.

इंग्लंडात हे खूळ १९६९मध्ये पोचलं, डॉन टर्नबुलच्या ॲल्बियनमधून.

आणि गंमत म्हणजे खेळाचा जनक कॅलहॅमर पुढे इलिनॉयमध्ये पोस्टमन होता. खरंच. त्याच्याच खेळातल्या दगाबाजीची पत्रं त्याच्याच खात्याच्या थैल्यांतून फिरत होती.

---

रोखठोक_८८

एवढं कौतुक कशाला, त्या काळचा व्हॉट्सॅप ग्रुप तो. ॲडमिन एक, बडबडे दहा, बाकी सगळे नुसते वाचणारे. आणि ॲडमिनला वाटतं आपण फार मोठे.

---

स्टेन्सिलकाका

रोखठोकराव, ॲडमिनला वाटायचं हे कबूल. मीच होतो एक 🙂

१९८१मध्ये नोकरीनिमित्त इंग्लंडात लीड्सला गेलो, ऑफिसातल्या एकाने जेवणाच्या सुट्टीत डिप्लोमसी झीनचा एक अंक हातात दिला आणि तिथून जे घसरलो ते १९८३मध्ये माझं स्वतःचं झीन काढण्यापर्यंत. पाच वर्षं चाललं, जेव्हा सगळ्यात जास्त होत्या तेव्हा ८५ प्रती. नाव सांगत नाही, ज्यांनी वाचलं ते ओळखतील आणि ज्यांनी नाही वाचलं त्यांचं काही अडलेलं नाही.

निशाचर, तुमचा पैशांचा प्रश्न आधी. नाही, निघत नव्हता. पण हिशोब असा असायचा की वाचक आगाऊ पैसे पाठवायचे, समजा पाच पौंड, ते माझ्याकडे जमा, आणि दर अंकाची किंमत अधिक टपाल त्यातून वळती. पाकिटावर नावाशेजारी शिल्लक लिहायची. उणे झाली की लाल पेनने. माझ्याकडे एक वही होती, बायको म्हणायची घरखर्चाची वही अशी ठेवली असती तर आत्तापर्यंत घर झालं असतं. शिवाय बरेच अंक फुकट जायचे, कारण दुसऱ्या झीनवाल्यांशी अदलाबदल, तुमचा अंक मला माझा तुम्हाला. सायफायवाल्यांचा तर नियमच होता, पैसे नकोत, पत्र लिहा नाहीतर लेख द्या नाहीतर तुमचं झीन पाठवा. छापील किंमत असायची पण ती आळशी लोकांसाठी.

छपाईचं सांगतो कारण अर्धं आयुष्य त्यातच गेलं. आपण ज्याला सायक्लोस्टाइल म्हणतो तेच यंत्र, हँडल फिरवायचं. टाइपरायटरची रिबन बाजूला करून मेणाच्या स्टेन्सिलवर टाइप करायचं, अक्षर मेण कापतं आणि तिथून शाई झिरपते. ओ अक्षर जोरात मारलं की पोटातला गोळाच बाहेर, कागदावर काळा ठिपका. चूक झाली तर लाल रंगाचं करेक्शन फ्लुइड ब्रशने लावायचं, फुंकर मारायची, वाळू द्यायचं, परत टाइप. फॅन लोक त्याला कॉरफ्लू म्हणायचे आणि त्या वासाचं त्यांना इतकं प्रेम की अमेरिकेत १९८४मध्ये सुरू झालेलं फॅनझीनवाल्यांचं संमेलनच त्या नावाने भरतं. माझ्या आधीच्या पिढीतले काही जण जिलेटिनच्या ट्रेवर छापायचे, जांभळी शाई, पन्नासेक प्रती झाल्या की अक्षरं पुसट. आणि बेलफास्टचा वॉल्ट विलिस तर स्लँट नावाचं फॅनझीन एकेक खिळा जुळवून हाताने छापायचा! मला कधी कंटाळा आला की मी त्या माणसाची आठवण काढायचो.

आता वजनाची गोष्ट. इंग्लंडात साध्या तिकिटावर ६० ग्रॅमपर्यंत जायचं. ए४ कागद एक म्हणजे ५ ग्रॅम. म्हणजे अकरा कागद ५५ आणि पाकीट ५, बरोबब्बर काठावर. म्हणून मी वीस पानांवर, दहा कागदांवर थांबायचो. एकदा नोव्हेंबरात मजकूर जास्त झाला, पत्रं इतकी भारी आली होती की एकही गाळवेना, म्हटलं काढू बावीस पानं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक पाकीट ठेवून बघितलं, काटा साठच्या रेघेवर. खूश. आठवडाभर पाऊस होता, गठ्ठा जिन्याखाली ठेवलेला, कागदाने दमट हवा प्यायली, त्यात प्रत्येकी दोन स्टेपलच्या पिना ज्या मी मोजल्याच नव्हत्या. झालं! डझनभर लोकांना दारात दंड भरून माझा अंक सोडवून घ्यावा लागला. पुढच्या अंकात सगळी पत्रं त्याचीच. एकाने तर दंडाची पावती पाठवून लिहिलं होतं की आजवरच्या अंकांत हाच काय तो वजनदार निघाला.

(तिकिटाचे दर म्हणाल तर रडगाणं खरंच होतं, पण १९८५च्या नोव्हेंबरात दुसऱ्या वर्गाचं तिकीट १३ पेन्सचं चक्क १२ पेन्स झालं. मला वाटलं छपाईची चूक आहे.)

---

निशाचर_नि

काका दंडवत! पिना मोजल्या नाहीत हे वाचून मोठ्याने हसलो, घरचे उठले. पण खेळ कसा चालायचा ते सांगा ना. एनएमआर म्हणजे काय? आणि ते झारचं पत्र?

---

स्टेन्सिलकाका

एनएमआर म्हणजे चाली आल्याच नाहीत. डेडलाइन साधारण चार-पाच आठवड्यांची. तेवढ्यात सात जण आपापसात पत्रं लिहून, फोन करून कटकारस्थानं करणार आणि डेडलाइनच्या आत मला चाली पाठवणार. मी सगळ्यांच्या एकत्र मांडून निकाल काढणार, म्हणजे कोण सरकला, कोण अडला, कुणाला हाकललं, आणि ते छापून पाठवणार. वर्षाचे वसंत आणि शरद असे दोन हंगाम, वर हिवाळ्यात सैन्य वाढवायचं-घटवायचं. १९०१पासून १९१०पर्यंत डाव गेला की आपल्या जगात दोनेक वर्षं गेलेली. तेवढ्यात खेळाडूंची लग्नं व्हायची, एकाचा घटस्फोट झाला, त्याने पत्ता बदलल्याचं कार्ड पाठवलं त्यातच खाली चाली.

चाली आल्या नाहीत तर त्या देशाची सैन्यं जागेवर उभी, शेजारी येऊन लचके तोडणार. दोनदा झालं की मी राखीव खेळाडू बसवायचो. म्हणून डेडलाइनच्या रात्री फोन! साडेअकराला फोन वाजला की बायको न उठताच सांगायची, "घ्या, तुर्कस्तान आलं."

आणि चुका. सगळ्यात मोठी माझी. इंग्लंडच्या खेळाडूने लिहिलं होतं, आरमार एडिनबरोहून "नॉर". आता नॉर म्हणजे नॉर्वे, नॉर्वेजियन सी की नॉर्थ सी? एडिनबरोहून नॉर्वेला थेट जाता येतच नाही, मधे समुद्र आहे, आणि मी रात्री दोन वाजता शांतपणे ते नॉर्वे वाचलं, चाल बाद ठरवली आणि छापून मोकळा. त्याला जायचं होतं नॉर्थ सीमध्ये. तोवर जर्मनी तिथे शिरलेला. शुद्धिपत्र काढावं तर जर्मनी चिडणार, न काढावं तर इंग्लंड. सात जणांची नऊ पत्रं आली (दोघांनी दोनदा लिहिलं). शेवटी हंगाम परत खेळवला आणि तेव्हापासून घरचा नियम, समुद्राचं नाव पूर्ण लिहा. तसंच लिव्होनिया आणि लिव्हरपूल. असल्या घोळांवर माणसांनी एकमेकांशी वर्षभर अबोला धरलेला मी बघितलाय.

झारचं पत्र म्हणजे प्रेस. खेळाडू चालींबरोबर आपल्या राजांच्या नावाने बातम्या, पत्रं, अफवा पाठवायचे, मी ते निकालाखाली छापायचो. काही झीन्समध्ये दुसऱ्या देशाच्या नावाने खोटी बातमी टाकायचीही मुभा, त्याला ब्लॅक प्रेस म्हणायचे. काही लोक फक्त प्रेस लिहायला खेळायचे, माझ्याकडे एक ऑस्ट्रिया होता, १९०३मध्येच संपला, पण त्याचा परागंदा सम्राट पुढे दीड वर्ष एका बोर्डिंग हाउसमधून मालकिणीची तक्रार करणारी पत्रं पाठवत राहिला. ती वाचायला लोक वर्गणी भरायचे हो. युद्ध कुणाला आठवतंय.

---

मृदुला_जे

मस्त चाललंय. एक भर. रोल प्लेइंग गेम्सवाले (एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळणारे) पण याच घरातून निघालेत. डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाचा एक जनक गॅरी गायगॅक्सही डिप्लोमसीच्या पोस्टाच्या जगात वावरलेला. आणि लॉस एंजेलिसच्या सायफाय क्लबाच्या साप्ताहिक एपीएमध्ये (ते काय ते खाली सांगते) लोक डंजन्स अँड ड्रॅगन्सबद्दलच इतकं लिहायला लागले की ली गोल्डने १९७५मध्ये त्यासाठी वेगळं अलारम्स अँड एक्सकर्शन्स काढलं, ते दशकानुदशकं चालवलं. नेहमी पुरुषांचीच नावं येतात म्हणून मुद्दाम सांगितलं.

निशाचर, एपीए म्हणजे ॲमॅच्युअर प्रेस असोसिएशन, प्रत्येकाने आपली पानं आपल्या घरी हव्या तेवढ्या प्रतींत छापायची, एका माणसाकडे पाठवायची, तो सगळ्यांचे गठ्ठे करून सगळ्यांना वाटणार. भिशीसारखं, फक्त पैशांऐवजी पानं. सगळ्यात जुनी सायफायची एपीए म्हणजे फापा, १९३७ची, डोनाल्ड वोलहाइमने सुरू केलेली. बरीच वर्षं ६५ सभासदांची मर्यादा होती, वर्षाला किमान आठ पानं द्यायचीच. अमेरिकेतल्या हॅगर्सटाउनचा हॅरी वॉर्नर तिच्यात १९३९पासून २००३मध्ये जाईपर्यंत आपलं होरायझन्स हे झीन देत होता. संमेलनांना फारसा जायचा नाही, पण जगातल्या कुठल्याही फॅनझीनला त्याचं पत्र जाणार म्हणजे जाणार.

---

रोखठोक_८८

बरं, व्हॉट्सॅप ग्रुप मागे घेतो. साठ वर्षं कुणी ग्रुपवर उत्तर देत नाही.

पण काका, कंटाळा नाही आला? खरं सांगा.

---

स्टेन्सिलकाका

आला की. सायफायवाल्याला कंटाळा आला तर तो गप्प बसू शकतो, अंक सहा महिने उशिरा आला तरी कुणाचं बिघडत नाही, उलट उशिराबद्दल माफी मागणारं संपादकीय हा तिथला एक वाङ्मयप्रकारच आहे. डिप्लोमसीवाल्याला ती सोय नाही. २१ माणसांचे तीन डाव तुमच्या घरात अडकलेत, त्यांची सैन्यं तुमच्या टेबलावर उभी आहेत, ताप असो की बदली, निकाल गेलाच पाहिजे. सुरुवातीला ती डेडलाइनच मला चालवायची, ती नसती तर तिसऱ्या अंकातच बंद पडलो असतो. आणि शेवटी तीच नको झाली.

निशाचर, का करत होतो याचं माझ्यापुरतं सांगतो. परदेशात नवीन होतो, ऑफिसात हवापाण्यापलीकडे कुणी बोलत नव्हतं, आणि सकाळी दाराच्या फटीतून सात-आठ पाकिटं पायपुसण्यावर पडायची. तो आवाज. ऑफिसला जायच्या आधी एकच उघडायचं, बाकीची संध्याकाळसाठी ठेवायची, असं ठरवायचो आणि बसमध्ये सगळी वाचून व्हायची. ज्या माणसांना मी कधी भेटलो नाही त्यांच्या बॉसची नावं मला पाठ होती. फॅन लोकांनी याला एगोबू असा शब्द काढलाय, आपलं नाव छापलेलं बघून जे बरं वाटतं ते. मला छापलेल्यापेक्षा पाकिटावर लिहिलेलं जास्त आवडायचं.

बंद केलं १९८८मध्ये. झीन बंद करण्याचीही एक रीत होती, ती पाळली नाही तर नाव वाईट व्हायचं, कारण न सांगता गायब होणारे संपादक बरेच, त्यांचे डाव अनाथ व्हायचे, अक्षरशः तसंच म्हणायचे, अनाथ डाव, आणि मग कुणीतरी भला माणूस ते दत्तक घ्यायचा. मी तीनपैकी एक डाव बरोबरीत संपवायला लावला, दोन दुसऱ्या एका संपादकाकडे सोपवले, नकाशे, चालींच्या फायली सगळं. मग वही काढून शिल्लक परत करायला बसलो, ६१ चेक. बऱ्याच जणांनी वटवलेच नाहीत. एकाने चेक परत पाठवून लिहिलं, याची तिकिटं घे आणि मला पत्रं लिही.

त्यातच सप्टेंबरात पोस्टाचा संप झाला. (१९७१चा तर ४७ दिवसांचा होता, जुने लोक त्याच्या गोष्टी युद्धाच्या सांगाव्या तशा सांगायचे.) संप मिटल्यावर एकदम गठ्ठा आला आणि त्यात त्या इंग्लंडवाल्याच्या चाली, माझ्याच पत्त्यावर, डाव दुसरीकडे गेल्याचं कळायच्या आत टाकलेल्या. पुढे पाठवल्या. पण आधी बघून घेतलं, आरमार जिथे जिथे होतं तिथे त्याने "नॉर्थ सी" पूर्ण लिहिलं होतं, प्रत्येक वेळी, खाली दोन रेघा मारून.

---

निशाचर_नि

काका 🙏 काय लिहू.

एक सांगायचं राहिलं. तुमचा प्रतिसाद वाचून परत स्कॅन काढले आणि "वसंत १९०४"च्या पुढचा अंक शोधला. त्या एनएमआरवाल्या इटलीचं पत्र छापलंय त्यात. म्हणतो चाली वेळेत लिहिल्या, पाकिटात घातल्या, पत्ता लिहिला, पेटीत टाकल्या. तिकीट लावायचं विसरला. खाली संपादकाची एकच ओळ आहे, की पाकीट आलं होतं, दंड भरायला लागेल म्हणून मी घेतलं नाही.